उंच बॉक्सरने ठेंगण्या बॉक्सरशी कसं खेळायचं: सगळा खेळ त्याच्या दुसऱ्या पावलाचा

गेल्या डिसेंबरात नाशिकच्या सिडकोतल्या ज्या हॉलवर मी संध्याकाळी पोरांना शिकवायला मदत करतो तिथे एक कॉलेजचा मुलगा आला, सहा फूट एक इंच, हात इतके लांब की बॅगसमोर उभा राहिला की बघत राहावं, आणि सोबत आलेले त्याचे काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "सर, याची हाईट बघा, याला कोण हात लावणार?" दोन महिन्यांनी त्याचं स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, लावलं सिन्नरहून येणाऱ्या एका पाच फूट पाचच्या पोराशी. वजन दोघांचं सारखंच. दुसऱ्या राउंडला आमचा उंच गडी रोपला पाठ लावून, हनुवटी वर करून उभा आणि तो ठेंगणा पोरगा खालून त्याच्या बरगड्या कुटतोय. काकांना कळेना असं कसं झालं. मला लगेच कळलं, कारण मी स्वतः सहा फुटाचा आहे आणि जिल्ह्याच्या स्पर्धांमध्ये मी ज्या फाइट हरलो त्यातल्या बऱ्याचशा माझ्यापेक्षा चार-पाच इंचांनी लहान पोरांशीच हरलो.

म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय, कारण उंच पोरांना आपल्याकडे फक्त एवढंच सांगतात की जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) मारत राहा आणि लांब राहा. ते खरंय, पण अर्धवट आहे. लांब राहायचं म्हणजे नक्की किती, आणि तो आत आला तर पुढे काय, हे कोणी सांगत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. तुमच्यापेक्षा कमी उंचीच्या माणसाला तुमच्यापर्यंत पोचायला बहुतेक वेळा दोन पावलं टाकावी लागतात. पहिल्या पावलात तो तुमच्या टप्प्यात येतो, दुसऱ्या पावलात तुम्ही त्याच्या टप्प्यात येता. या दोन पावलांच्या मधे जो काही पाव-अर्धा सेकंद आहे तेवढीच तुमच्या उंचीची किंमत. तालमीत दिवस काढलेल्यांना हे पटकन समजेल, ठेंगणा पैलवान पट काढायला घुसतो तेव्हा उंच पैलवानाने काय करायचं, तर तो खाली वाकून पायाला भिडायच्या आत त्याला थांबवायचा, एकदा पाय त्याच्या हातात गेला की उंचीचा उलट त्रासच. बॉक्सिंगमध्येही तेच. पहिलं पाऊल बघायचं, दुसरं पडू द्यायचं नाही, आणि पडलंच तर तिथे थांबायचं नाही.

पहिलं काम, आपली जागा मोजा

याला रिंग लागत नाही, गच्ची आणि खडू पुरतो. भिंतीसमोर आपल्या स्टान्समध्ये उभं राहा, पाय न हलवता डावा जॅब पूर्ण लांब करा, मूठ भिंतीला जेमतेम टेकेल अशी, आणि पुढच्या पायाच्या अंगठ्यापाशी खडूने रेघ मारा. मग तिथून मागे सरका आणि एक पाऊल पुढे टाकून जॅब टेकेल तिथे दुसरी रेघ. आता तुमच्या कमी उंचीच्या पार्टनरला तेच करायला सांगा. दोघांच्या रेघांमधलं अंतर बघितलं की बहुतेक पोरांचा चेहरा पडतो, कारण त्यांना वाटत असतं फूटभर तरी फरक असेल आणि निघतो वीतभर, कधी चारच बोटं.

एवढीच जागा तुमची आहे. तुम्ही अर्धं पाऊल उगाच पुढे गेलात की ती संपली. आमच्याकडे मी पोरांना आठवडाभर फक्त या रेघांवर उभं राहून शॅडो, म्हणजे हवेत पंच मारायचा सराव, करायला लावतो, कंटाळतात, पण पायाला ते अंतर कळलं पाहिजे, डोळ्याला नाही, कारण फाइटमध्ये तुम्ही त्याच्याकडे बघणार आहात, जमिनीकडे नाही.

उभं कसं राहायचं

इथे दोन चुका होतात आणि दोन्ही एकमेकींच्या उलट आहेत. एक म्हणजे खांबासारखं ताठ उभं राहणं, गुडघे सरळ, हनुवटी वर. दुसरी म्हणजे समोरचा खाली आहे म्हणून कमरेतून वाकून त्याच्या उंचीवर जाणं. वाकलात की उंची तुम्हीच त्याला दिलीत, वर तोंड त्याच्या उजव्या हाताजवळ नेऊन ठेवलंत.

वाकायचं ते गुडघ्यात. पाठ सरळच, मागची टाच किंचित उचललेली, वजन दोन्ही पायांत साधारण सारखं पण थोडं मागच्या पायावर असलं तरी चालेल, हनुवटी डाव्या खांद्याच्या आड. उजवा हात गालाला चिकटलेला आणि कोपर बरगडीवर, ते कोपर महत्त्वाचं, कारण उंच माणसाचं धड लांब असतं आणि कोपर आणि कमरेच्या मधे जो पट्टा उघडा राहतो तिथेच ठेंगण्याचा डावा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला पंच, येतो. उजव्या बाजूला लिव्हर आहे. तिथे एक नीट बसला की डोकं शाबूत असूनही पाय चालत नाहीत, ज्याने खाल्लाय त्याला विचारा.

जॅब, पण कुठला

आता थोडं आठवीचं गणित. तुमचा खांदा आणि त्याची हनुवटी एका पातळीत असेल तर हात सरळ जातो. पण तो वाकून येतोय आणि तुम्ही ताठ आहात, समजा खांदा त्याच्या हनुवटीपेक्षा २५ सेंटीमीटर वर आहे आणि तुमचा हात ७५ सेंटीमीटरचा, तर जॅब तिरका खाली जातो आणि पायथागोरस लावला तर समोरच्या दिशेने पोच उरते साधारण ७१ सेंटीमीटर. म्हणजे वीतभराच्या फायद्यातली चार सेंटीमीटर ताठ उभं राहण्यातच गेली. शिवाय हात खाली गेला की खांदाही खाली जातो आणि हनुवटी उघडी पडते. गुडघ्यात थोडं बसून जॅब मारला की दोन्ही गोष्टी सुटतात.

जॅब तीन ठिकाणी मारायला शिका. कपाळावर, छातीच्या मधोमध, आणि त्याच्या पुढच्या हाताच्या ग्लोव्हवर. कपाळावरचा जॅब तो डोकं पुढे घालून येतो तेव्हा त्याला थांबवतो. छातीवरचा मला सगळ्यात आवडतो, कारण डोकं हलतं, छाती तितकी हलत नाही, आणि पाऊल टाकताना छातीवर कडक हात बसला की पाऊल तिथेच अडतं, पॉइंट मिळो न मिळो. ग्लोव्हवरचा फक्त त्याचा हात गुंतवण्यासाठी, मागोमाग उजवा जायला पाहिजे.

आणि एकटा जॅब मारू नका. चांगला ठेंगणा बॉक्सर तुमच्या पहिल्या जॅबचीच वाट बघत असतो, तो त्या जॅबच्या बाजूने सरकून किंवा खालून आत येणार. दुसरा जॅब त्याचं डोकं जिथे चाललंय तिथे मारायचा असतो. डबल जॅब म्हणजे एकच पंच दोनदा असं समजू नका, पहिला विचारतो आणि दुसरा उत्तर देतो.

हात परत आणताना मात्र सरळ गालापर्यंत आणायचा. उंच पोरांची ही सवय मोडायला महिने लागतात, जॅब मारून हात कमरेजवळून परत आणतात, आणि त्याच वेळी वरून ओव्हरहँड उजवा येतो. १९७१ च्या मार्चमध्ये मोहम्मद अली आणि जो फ्रेझरची पहिली फाइट झाली, अली फ्रेझरपेक्षा तीनेक इंच उंच, आणि पंधराव्या राउंडला फ्रेझरच्या डाव्या हुकने त्याला खाली पाडलं. अलीसारख्याला बसतो तर तुमचा-आमचा हात खाली असेल तर बसणारच.

दुसरं पाऊल पडताना काय मारायचं

पहिलं पाऊल ओळखायला त्याच्या हाताकडे बघू नका, छातीच्या वरच्या भागाकडे बघा, तिथून खांदा आणि पाय दोन्ही कळतात. बरेच ठेंगणे बॉक्सर आत येण्याआधी किंचित खाली बसतात, तोच इशारा. काही जण पहिलं पाऊल टाकून परत जातात, तुम्ही काय करता ते बघायला. त्या खोट्या पावलावर मोठा उजवा मारलात की गेलात, म्हणून पहिल्या पावलाला फक्त जॅब किंवा नुसता हात दाखवणं, आणि दुसऱ्याला खरा पंच.

तो सरळ आला तर जॅबमागून उजवा क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ पंच. तो डोकं खाली घालून आला तर उजवा अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा पंच. अपरकट लांबून मारू नका हे पोरांना ओरडून सांगावं लागतं, लांबून मारलेल्या अपरकटला हात खाली जातो, लागत तर नाहीच आणि त्याचा डावा हुक मोकळ्या गालावर येतो. त्याचं दुसरं पाऊल पडत असतानाच, गुडघ्यात बसून, छोटा मारायचा, कोपर बरगडीपासून फार लांब न नेता. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसने माइक टायसनला हरवलं ते बघा, दहाव्या राउंडला आधी जॅब आणि मग उजवा अपरकट, टायसनचं डोकं वर उचललं गेलं आणि त्यानंतरचे पंच पडले. लोकांना ते नॉकआउट आठवतं, पण त्याआधीचे राउंड बघा, डग्लस जॅबने टायसनचं पाऊल मोडत होता, नऊ राउंड.

अजून एक बघण्यासारखी म्हणजे जून २००२ ची लेनॉक्स लुईस आणि टायसनची फाइट, मेम्फिसला झालेली. लुईस सहा फूट पाच, टायसन पाच फूट दहा. सुरुवातीला टायसन आत घुसतोय, लुईस त्याला धरतोय, खालून अपरकट देतोय, आणि मग हळूहळू जॅबने अंतर वाढवत नेतो, आठव्या राउंडला उजव्या हाताने संपवतो. मी पोरांना पहिले दोन राउंड आवाज बंद करून बघायला सांगतो, नुसते पाय.

पाय आणि रोप

सरळ मागे जायचं नाही. याच एका गोष्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. माणूस पुढे जितक्या वेगाने येतो तितक्या वेगाने मागे जाऊ शकत नाही, आणि स्पर्धेची रिंग रोपच्या आत ६.१ मीटर बाय ६.१ मीटर असते, स्थानिक मॅचला तर कधी त्याहून लहान. तीन पावलं मागे गेलात की पाठीला रोप.

नियम असा ठेवा, मागे जास्तीत जास्त दोन पावलं, तिसरं बाजूला. बाजूला कसं, तर डाव्या पायाचा पंजा रोवून उजवा पाय मागून डावीकडे फिरवायचा, दार बिजागरीवर फिरतं तसं, यालाच पिव्हॉट म्हणतात. तो ज्या रेषेत येत होता त्या रेषेत तुम्ही आता नाही, त्याच्या कडेला उभे आहात आणि तो अजून समोर बघतोय. इथे एक जॅब किंवा डावा हुक मोकळा मिळतो. हे दोघेही ऑर्थोडॉक्स, म्हणजे डावा पाय पुढे ठेवणारे, असतील तर. त्याचा उजवा ओव्हरहँड भारी असेल तर पिव्हॉट तो पंच सुटून गेल्यावरच करा, आधी केलात तर तुम्ही त्या हाताकडेच जाताय. आणि त्याचा डावा हुक भारी असेल तर उजवीकडे फिरत बसू नका. समोरचा साउथपॉ, म्हणजे उजवा पाय पुढे ठेवणारा, असेल तर तुमचा डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर राहील एवढं आधी सांभाळा, बाकी नंतर.

पाय एकमेकांवरून ओलांडू नका हे सगळ्यांना माहीत असतं, पण दमल्यावर उंच पोरं हमखास ओलांडतात. आमच्या हॉलवर मी दोन पायांच्या मधे जुनी सायकलची ट्यूब बांधून शॅडो करायला लावतो, पाय जुळत नाहीत आणि फाकतही नाहीत.

आत आलाच तर

येणारच, पूर्ण फाइटमध्ये एकदाही आत येणार नाही असं होत नाही. घाबरून मान मागे टाकू नका. मान मागे गेली की हनुवटी वर येते, वजन टाचांवर जातं आणि तुमच्या हातात मारण्यासारखं काही उरत नाही.

दोनच मार्ग. एक, स्वतःहून अर्धं पाऊल पुढे जाऊन त्याला इतकं जवळ घ्या की त्याच्या हाताला झोका मिळणार नाही, आपल्या कोपरांनी आणि मनगटांनी त्याचे दंड आतल्या बाजूने अडवा आणि रेफरी ब्रेक म्हणेपर्यंत किंवा कडेने निघेपर्यंत तसंच राहा. दोन, दोन-तीन छोटे पंच मारून लगेच पिव्हॉट. आत राहून त्याच्याशी हुकची देवाणघेवाण करण्याच्या नादी लागू नका, त्याचे हात छोटे आहेत, तुमच्या आधी पोचतात.

एक लक्षात ठेवा, प्रोफेशनल फाइटमध्ये हेवीवेट चॅम्पियन व्लादिमिर क्लिच्को जसा धरायचा आणि वजन टाकायचा तसं ॲमेच्युअरमध्ये चालत नाही. वारंवार धरणं, डोकं खाली दाबणं, अंगावर रेलणं हे सगळं फाउल आहे, आधी कॉशन मिळते आणि मग वॉर्निंग, आणि वॉर्निंग मिळाली की पॉइंट जातो. तसंच समोरचा कमरेखाली वाकत असेल तर तोही फाउलच आहे, पण तुम्ही रेफरीकडे बघून तक्रार करत बसू नका, तेवढ्यात मार बसतो.

या सगळ्याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे लवलीना बोर्गोहेन. टोकियो ऑलिम्पिकला ६९ किलोमध्ये, उंच, लांब हात, तैवानच्या चेन निएन-चिनला क्वार्टरफायनलला ४-१ ने हरवलं. आणि सेमीफायनलला ४ ऑगस्ट २०२१ ला तुर्कीच्या बुसेनाझ सुरमेनेलीने तिला ५-० ने हरवलं. सुरमेनेली लवलीनापेक्षा उंचीने कमी, पण सतत पुढे, अंतर खाऊन टाकणारी. लवलीनाबद्दल मला फार आदर आहे, ब्रॉन्झ काही सोपं नाही, आणि म्हणूनच दोन्ही फाइट एकापाठोपाठ बघा, एकीत अंतर कोणाच्या ताब्यात आहे आणि दुसरीत कोणाच्या. आणि उलट बाजू समजायची असेल तर मेरी कोमच्या जुन्या फाइट बघा, ५१ किलोमध्ये तिच्यापेक्षा उंच मुलींशी ती कशी आत-बाहेर करायची. आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यात काय चाललंय ते तिथे दिसतं.

तीन राउंडचं नियोजन

तीन मिनिटांचे तीन राउंड आणि मधे एक मिनिट, एवढाच वेळ. पहिल्या राउंडची पहिली तीस-चाळीस सेकंदं फक्त जॅब आणि पाय, तो पहिलं पाऊल कसं टाकतो ते शिकायला. पण शिकण्यात राउंड घालवू नका, प्रत्येक राउंड जजेस वेगळा मोजतात आणि पुढे येणारा माणूस काम करतोय असं दिसतं. म्हणून मधली जागा सोडू नका, मागे सरकून परत मधे या. दुसऱ्या राउंडला उजवा हात जास्त सोडा. तिसऱ्याला पाय जड होतात तेव्हा डबल जॅब आणि पिव्हॉट, बाकी सगळं कमी.

नाशिकात सराव कसा करायचा

उंच माणसाचे आधी पाय दमतात, मग हात खाली येतात. म्हणून पाय. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर नुसतं गोल गोल पळण्यापेक्षा तीन मिनिटं जोरात आणि एक मिनिट चाल असे सहा-आठ राउंड करा. आठवड्यातून एकदा पांडवलेणीच्या पायऱ्या, चढताना वेगाने, उतरताना सावकाश, गुडघ्यांना उतरतानाच जास्त धक्का बसतो. पावसाळ्यात त्या पायऱ्या ओल्या असतात तेव्हा जाऊ नका, घरी स्किपिंग करा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सकाळी अंग गरम व्हायला चांगली पंधरा मिनिटं द्या, लांब पायाच्या पोटऱ्या लवकर धरतात. मानेचे व्यायाम टाळू नका, लांब मानेला जास्त गरज असते.

पॅडवर एकच ड्रिल सांगतो, बाकी सगळे त्यातूनच निघतात. पॅड धरणारा दोन पावलं आत येणार, पण कधी एकच टाकून थांबणार. एका पावलाला जॅब, दोन पावलांना जॅब-क्रॉस किंवा अपरकट, आणि लगेच पिव्हॉट. पॅडवाल्याने पिव्हॉटनंतर हलक्या हाताने डोक्यावर पॅड फिरवायचं, पोरगा तिथेच थांबला असेल तर कळतं.

वजनाचं एक बोलतो कारण मला त्याची काळजी वाटते. उंच पोराला खालच्या वजनात घातलं की समोरचे सगळे ठेंगणे मिळतील असा हिशोब लोक करतात, मग पोरगं दोन दिवस पाण्याशिवाय, प्लॅस्टिकचं जॅकेट घालून पळतंय. वाढत्या वयात हे करूच नका. आणि ज्याच्या पायात पाणी नाही तो दुसऱ्या राउंडला ताठ उभा राहतो, मग वर लिहिलेलं काहीच जमत नाही. मलाही एकदा असंच उतरवलं होतं, चार किलो पाच दिवसांत, आणि त्या फाइटमधलं मला फक्त रोप आठवतो.

स्पारिंगला आपल्यापेक्षा कमी उंचीचा आणि चिवट पार्टनर शोधा, आठवड्यातून एकदाच, हेडगार्ड आणि १६ औंसचे ग्लोव्ह घालून. सुरुवातीचे दोन आठवडे त्याला फक्त आत यायचं काम द्या आणि तुम्ही फक्त जॅब आणि पाय वापरा, उजवा हात बंद. मग उजवा सुरू करा. आणि ग्लोव्ह काढल्यावर त्याच्याशेजारी बसून विचारा, की भाऊ, आत येताना तुला माझं काय नडत होतं आणि कधी सोपं गेलं. आमच्या त्या सहा फूट एकवाल्याने सिन्नरच्या पोराला हेच विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तू डोक्यावर मारतोस तेव्हा मला काही वाटत नाही, छातीवर मारतोस तेव्हा माझं पाऊल परत जातं." त्याने ते वहीत लिहून ठेवलंय, आणि सध्या तो बॅगवर छातीच्या उंचीला पांढरी चिकटपट्टी लावून रोज तिथे शंभर जॅब मारतोय.